तीन नंबरच्या प्लॉटची राखण

१५ सप्टेंबर १९९५, शुक्रवार

...आणि त्या सकाळी म्हशीची धार काढून, ह्यांच्या पूजेचं पाणी ठेवून मी अंगण झाडायला घेतलं, तर हे मधोमध दगड मांडून बसलेले. शाळूची कणसं बडवत होते. मी म्हटलं, उठा, खराटा अडतोय. तर म्हणाले, तू माझ्या भोवतीनं झाड. मी भोवतीनं झाडलं. मधे बैठकीएवढं अंगण तसंच राहिलं. मग दाणे राखेत घोळवून भोपळ्याच्या तुंब्यात भरले, तोंड शेणानं लिंपलं आणि भाकरी खायला बसले. एवढंच. त्या दिवशी दुसरं काही घडलं नाही. हे जाऊन दोन वर्षं झाली. आज तो तुंबा खाली काढला म्हणून ती सकाळ आठवली.

असो. ही वही रडायला आणलेली नाही. ट्रायलसाठी आणली आहे.

आमची मांजरसुंब्याच्या रस्त्याकडेची पट्टी निव्वळ मुरूम आहे. तिथं कुसळंसुद्धा विचार करून उगवतात. ह्यांनी मात्र त्याच पट्टीत वर्षानुवर्षं शाळू पेरला. पाण्यावाचून जी ताटं तगली, त्यांचंच बी पुढं धरलं. होता होता असं बी झालं की ओल नसताना भरायचं, आणि गोड तर इतकं! कुणाला द्यायचे नाहीत. अजून दोन हंगाम पारखू, मग गावभर वाटू, म्हणायचे. ते दोन हंगाम त्यांना मिळाले नाहीत.

आता कृषी खात्यानं कोरडवाहूची ट्रायल काढली आहे आणि ती आमच्या पट्टीत घ्यायची ठरलं आहे. कृषी सहाय्यक त्रिंबक खाडे. लुनावरून येतात. सहा प्लॉट. एक, दोन आणि चार नंबरला खात्याचे शाळूचे वाण. पाचला करडई. सहाला तारामिरा म्हणून राजस्थानच्या वाळवंटातलं तेलबियाचं पीक आहे. आणि तीन नंबर आमचं. मी विचारलं, आमचं वजनात पहिलं आलं तर विद्यापीठ त्याला ह्यांचं नाव देईल का? साहेब म्हणाले, बघू.

म्हणजे ठरलंच.

१८ सप्टेंबर

पेरणी झाली. तिफण बसवेश भाऊजींनी हाकली. ते माझे धाकटे दीर, गावात किराणा दुकान आहे. बी सोडायचं चाडं मी स्वतः धरलं. शेजारची ताराबाई बांधावरून म्हणाली, "जगदेवे, कुंकवाच्या बाईनं धरावं चाडं." मी सांगितलं, ज्वारीला कपाळ दिसत नाही. गप बसली. बसली म्हणजे गावात सांगायला गेली.

भाऊजी म्हणाले, "वैनी, समदं पेरू नका. मूठभर बी मागं ठेवा."

डोकं फिरलं माझं. आपल्या सख्ख्या भावाच्या बियाण्यावर भरवसा नाही! मागं ठेवणं म्हणजे उगवणार नाही असं आधीच धरून चालणं. मी तुंबा उपडा करून दाखवला. राखसुद्धा चाड्यात ओतली.

ते बैलांना उगाच ओरडले.

२७ सप्टेंबर

उगवलं. तीन नंबर सगळ्यात आधी. साहेब म्हणतात सगळे एकाच दिवशी उगवले. त्यांना लांबून दिसत नसेल.

२४ ऑक्टोबर

आज सूर्यग्रहण होतं. गाव दारं लावून बसलं. मी पेपरात वाचलेलं आहे, सावलीचा खेळ असतो. मी शेतात गेले. फक्त तीन नंबरवर घरातली चादर धरून उभी राहिले, ती उन्हासाठी.

पाऊस परत फिरकलेला नाही. एक आणि दोन नंबरची पानं दुपारी सुरळी होतात. तीन नंबर ताठ. चार नंबरही ताठ आहे, पण ते कोडगेपणानं.

२५ नोव्हेंबर

कणसं बाहेर पडली. तारामिरा फुलली आहे. नाव नटीसारखं, चव कारल्याच्या बापासारखी. ताराबाईच्या शेळ्यांनी एकदा तोंड लावलं आणि करडईत जाऊन तोंड पुसलं. करडई काटेरी, तरी तिथं गेल्या. मी ताराबाईला जे बोलायचं ते बोलले. ती म्हणाली, "शेळ्या काय पाटी वाचून चरत्यात व्हय?" या गावात कुणालाच वाचायची हौस नाही. मी पुड्यांच्या रद्दीवरून अक्षरं शिकले. भाऊजींच्या दुकानात, शेंगदाण्याचा कागद उलगडून. शेळ्यांना जमत नाही ते समजू शकते, माणसांचं काय?

३ डिसेंबर

पाखरं. सकाळी गोफण घेऊन राखणीच्या माळ्यावर चढते ती उन्हं उतरेपर्यंत. पाखरं एक आणि दोन नंबरवर बसतात, पण आमच्यावर तुटून पडतात. साहेबांना अभिमानानं सांगितलं, पाखरांना कळतं. ते म्हणाले, बाई, हा गुण नाही, हा दोष आहे. मग म्हणाले, चार नंबर बघा, एक पाखरू शिवत नाही. मी म्हटलं, दगडालाही शिवत नाही, म्हणून दगड पेरायचा का?

त्याच बोलण्यात गोफण सुटली आणि लुनाच्या दिव्यावर बसली. मुद्दाम नाही.

६ डिसेंबर

हद्द झाली. तीन नंबरच्या अगदी मधोमध, सगळ्यात मोठ्या कणसाला कुणीतरी फडकं गुंडाळलंय. लाल फडकं, काळा दोरा, त्यात ओवलेलं लिंबू आणि बिब्बा. भानामती! माझ्या शेतात! दुसरं कोण असणार, ताराबाईच. शेळ्यांचा राग.

मी असल्या गोष्टी मानत नाही. अंधश्रद्धेवरचा लेख मी दोनदा वाचला आहे. तडक उपटून फेकणार होते. पण उद्या फेकू म्हटलं, आज अमावस्या जवळ आहे की काय ते बघायचं राहिलं.

दुकानात जाऊन भाऊजींना विचारलं, बिब्बा कुणी नेला? म्हणाले, "बिब्बे समदं गावच नेतं, वैनी." गिऱ्हाइकाचं नाव सांगायला जीभ झडते यांची.

१२ डिसेंबर

हुरडा धरलाय. दाणा दाबला की दूध निघतं. पक्कं ठरवलं: वजन होईपर्यंत तीन नंबरचं एकही कणीस मोडायचं नाही. मी स्वतःसुद्धा चव बघणार नाही. हे असताना पहिला हुरडा तळहातावर चोळून, फुंकून, माझ्या हातावर ठेवायचे. आता कोण चोळणार? राहू दे. वजन झाल्यावर भाकरीच खाईन.

दुपारी साहेब आले. म्हणाले, चव हाही ट्रायलचा भाग असतो. सरकारी काम म्हटल्यावर इलाज नाही. गोवऱ्या पेटवल्या, दोन कणसं भाजली. खाऊन डोळे मिटले. मग म्हणाले, दोनावरून नीटसा अंदाज येत नाही.

अंदाज यायला अकरा लागली. पण आता खात्याची खात्री झाली, हे महत्त्वाचं.

१४ डिसेंबर

ताराबाई म्हणते, ज्वारीसारखी ज्वारी, जगदेवी उगाच नाचती. हिचं तोंड बंद करणं गरजेचं होतं. एकच कणीस भाजून दिलं. खाल्लं. मग म्हणाली, "लई ग्वाड हाय बया. सासूला दाखवते." सासू म्हणजे चंद्रभागाबाई, तोंडात दात नाही. तिला मऊमऊ बघून दिली. मग सुनांना कमीजास्त नको. वर ताराबाई म्हणाली, "त्या लाल फडक्याच्या कणसाला हात लावू नका गं पोरींनो, कुणी काय करून ठिवलंय काय म्हाईत." स्वतः करून वर हा साळसूदपणा!

तोंड बंद झालं, हे खरं. भरलेलं होतं.

१७ डिसेंबर

रस्त्यावर जीप थांबली. भोंगा, रंगीत टोप्या, थंड बाटल्यांचं खोकं. एका खासगी बियाणे कंपनीचा माणूस, बूट घातलेला. म्हणाला, आता बाजार खुला झालाय मावशी, जुनी वाणं इसरा, दरसाल आमचं पाकीट घ्या, ठेवायची कटकट नाही. दरसाल! म्हणजे माझ्या नवऱ्यानं जन्मभर जे ठेवलं ती कटकट?

असा संताप आला की पेंडीच्या पेंडी मोडल्या आणि आगटीत घातल्या. म्हटलं, खा. आणि हे असलं तुमच्या पाकिटात आहे का सांगा. ड्रायव्हरसकट चौघांनी खाल्लं. त्यानं कबूल केलं, असलं नाही आमच्याकडे. मी जिंकले. जाताना त्यानं कणसं मागितली. दिली नाहीत! म्हटलं, इथं बसून काय खायचं ते खा.

ते बसले.

२० डिसेंबर

कडेच्या ओळी विरळ दिसतात. काही काळजी नाही. वजनाला मधल्या ओळी धरतात. उद्यापासून एकही नाही. हे शेवटचं लिहिते आहे.

२१ डिसेंबर, येळवस

माझं माहेर लातूरकडचं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात कडब्याची कोप करायची, पाच दगड पुजायचे, येईल त्याला जेवू घालायचं ही रीत मी इकडं आणली. ह्यांना फार आवडायची. वाटसरूला हाका मारून बसवायचे. ते गेल्यावर दोन वर्षं केली नव्हती.

मागल्या दोन येळवशी सुन्या गेल्या, आणि यंदा तर त्यांचंच बी उभं. केली. भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे. हुरडा ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. पण गाव आल्यावर पहिल्यांदा विचारलं काय, तर हुरडा. म्हटलं एक नंबरचा खा. खाल्ला. दोनचा खा. खाल्ला. चार नंबरचा दिला, तर शेजारच्या आप्पांनी भर पंगतीत थुंकला. म्हणाले, "आगं हे काय, छर्रे हायेत का? सिद्धारामचं काढ की. तो असता तर असं केलं असतं का?"

मी ते नाव तोंडानं घेत नाही. पंगतीत दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, दोन वर्षांनी.

मग काढलं.

२२ डिसेंबर

रागानं अंगाची लाही होते आहे. माणसं आहेत की टोळधाड! ट्रायलची पाटी वाचून, पाटीलाच पाठ टेकून खात होते. त्यात भाऊजी सगळ्यांना नुसतं हात जोडत हिंडले, "बास करा बाबांनो, बास करा." माझ्या पाहुण्यांना बास म्हणणारे हे कोण? मी त्यांच्यादेखत ताटल्या परत भरल्या.

मधला भाग शाबूत आहे. बराचसा.

२८ डिसेंबर

नणंद ईश्वरी उमापूरहून आली. शेतात नेलं. तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि तिथंच खाली बसली. म्हणाली, "दादाच्या हाताचा वास हाय गं याला." मी तिला ओटीभर कणसं दिली. ती हिशेबात धरायची नाहीत.

१ जानेवारी १९९६

नवीन साल, नवीन नियम. बांधावर काट्या लावल्या. साहेब आले तरी काट्यांबाहेर. उरलेली कणसं वजनाला पुरतील, कारण आमचा दाणा वजनदार आहे.

त्या फडक्याच्या कणसाकडे बघायचं टाळते. भीती म्हणून नाही.

९ जानेवारी

काट्या असून कणसं कमी होतात. कोण नेतं? भाऊजी रोज संध्याकाळी दुकान बंद करून पट्टीवर चक्कर मारतात, हे मला आप्पांनी सांगितलं. आलं लक्षात! भावाचं बी यांना स्वतःच्या नावावर पाहिजे. दुकानात गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. म्हणाले, "काहून वरडता वैनी? मी पाखरं हाकाया जातो." सूर्य बुडाल्यावर कसली पाखरं?

(आज ट्रकवाले दोघं थांबले होते. थंडीनं कुडकुडत होते. त्यांना दिली ती वेगळी.)

१६ जानेवारी

संक्रांत झाली. हळदीकुंकवाला मला बोलावणं नसतं, ते जुनंच आहे. मी माळ्यावर होते. पण ताराबाई बांधावर येऊन तिळगूळ देऊन गेली. गोड बोलायला सांगते! बिब्बा बांधणारी! मी तिळगूळ घेतला, बोलले नाही. मग तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं.

३० जानेवारी

दाणे पक्के झाले. चार नंबर भरगच्च, काळपट, एक दाणा गेलेला नाही. कुणी नेणारच नाही. तीन नंबरची ताटं छान उभी आहेत. कडब्याला उत्तम. कणसं मोजली नाहीत. मोजल्यानं नजर लागते.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वजन झालं.

साहेब काटा घेऊन आले, सोबत तालुक्याचे मोठे साहेब, पंचवीसएक शेतकरी. चार नंबर पहिला. दुसरा एक नंबर. करडई बरी. तारामिरा आली आहे, पण पुढच्या खेपेला घ्यायला कुणी तयार नाही. तीन नंबरपाशी येऊन मोठे साहेब म्हणाले, हा प्लॉट कशाचा होता? 'होता' म्हणाले.

मी म्हटलं, खाडे साहेबांना विचारा. त्यांच्या पोटात आहे, काट्यावर उभे राहा म्हणावं. आप्पांना उभं करा, ताराबाईला करा, हे सगळं गाव काट्यावर चढवा आणि मग वजन सांगा! खाडे साहेब काट्याचा स्क्रू पिळत राहिले. ताराबाई हसली नाही. एरवी हसली असती.

मोठे साहेब समजुतीनं म्हणाले, बाई, पिकाचं वजन दाण्यात करतात. गोडीचं मापच नाही आमच्याकडे. खोटं काही बोलले नाहीत, म्हणून अजून चीड आली.

मग मला नारळ आणि टोपी दिली, बाईला टोपी, चार नंबरचं उत्तम पीक घेतलं म्हणून. रस्त्याकडे पाटी लागणार आहे. "चार नंबर वाण. शेतकरी: श्रीमती जगदेवी." ज्याला मी दगड म्हणाले त्याच्या पाटीवर माझं नाव. ह्यांचं कशावरच नाही.

तीन नंबरमध्ये एकच कणीस उभं होतं. लाल फडक्याचं. मोठे साहेब म्हणाले, तेवढं तरी काढा, नोंदीला. एक माणूस पुढं झाला नाही. मीही झाले नाही.

१४ फेब्रुवारी

परवाचं राहिलं ते लिहिते.

सगळे गेल्यावर, दिवे लागायच्या आत, भाऊजी पट्टीत आले. सरळ मधोमध गेले आणि लिंबू, बिब्बा, दोरा हातानं सोडायला लागले. मी ओरडले, मरायचं का तुम्हाला! ते म्हणाले, "म्या बांधलं, मीच सोडतो." फडकं त्यांच्या दुकानातलं होतं, मापाच्या पायलीवर टाकायचं. धुऊन धुऊन फिकं झालेलं, मी ओळखायला पाहिजे होतं.

मी विचारलं, मला सांगायचं नाही का?

म्हणाले, "पेरताना सांगितलंच की मूठभर ठिवा म्हणून. वैनी, तुमी माझं ऐकत न्हाई. बिब्ब्याचं ऐकता."

मला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. काय आलं ते लिहिता येत नाही. कणीस एकदम भरलेलं होतं, फडक्यात वाळलेलं, एक दाणा फुटलेला नव्हता. ते माझ्या हातात देऊन भाऊजी वजनासाठी बंद ठेवलेलं दुकान उघडायला गेले. ताराबाईशी काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हशीची धार काढली, अंगणात मधोमध दगड मांडून कणीस बडवलं, दाणे राखेत घोळवून तुंब्यात भरले आणि तोंड लिंपलं. मग भोवतीनं अंगण झाडून घेतलं. तुंबा भाऊजींच्या दुकानात नेऊन दिला आणि सांगितलं, पेरणीपर्यंत मी मागायला आले तरी देऊ नका.